हिरवा दिवा कोणी लावला

मी आयुष्यभर लोकांच्या उजव्या हाताकडे बघायचा पगार घेतला. लग्नकार्यात भेटणारे नातेवाईक हे ऐकून आधी हसतात आणि मग विचारतात, "म्हणजे नक्की करायचीस काय?" माझं माहेर पेणकडचं, वडिलांची मिठागरं होती. आमच्या घरात कॉम्प्युटर म्हणजे टायपिंग अशीच समजूत. मी त्यांना सोपं करून सांगायचे. लोक कॉम्प्युटरवर काम करताना चुकतात, ते का चुकतात हे बघायला कंपनी मला पाठवते. मी त्यांच्या मागे खुर्ची टाकून बसते, हात बघते, आणि परत येऊन साहेबांना सांगते की चूक त्या माणसाची नव्हती, आपली होती. या शेवटच्या वाक्यामुळे माझी बढती कधी वेळेवर झाली नाही.

त्यातही माझं खास काम एका छोट्या गोष्टीचं. तुम्ही काही लिहीत असता, आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खालून एक चौकट वर सरकते. मेल आली, अपडेट आलं, कोणीतरी काहीतरी पाठवलं. या चौकटींना आम्ही पॉप-अप म्हणतो. दिसायला निरुपद्रवी असतात. पण गंमत अशी की आपण माउसचं बटण दाबायचं ठरवतो तेव्हापासून बोट खरोखर दाबलं जाईपर्यंत थोडासा वेळ जातो. नेमक्या त्या वेळात तुमच्या बाणाखाली चौकट येऊन बसली, तर बोट थांबत नाही. गोफणीतून दगड सुटल्यावर तुम्ही 'नको' म्हटलं तरी तो जातोच, तसं. तुम्ही दाबता एक आणि दाबलं जातं भलतंच. बरेचदा चौकट त्या दाबण्यानेच नाहीशी होते, त्यामुळे आपल्या हातून काही झालं हेसुद्धा कळत नाही.

बोर्लीपंचतनच्या बाजारात हार्डवेअरचं दुकान चालवणारे एक शेठ होते. त्यांनी यावर स्वतःचा उपाय काढला होता. मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा कापून पडद्याच्या कोपऱ्यावर चिकटवून टाकला होता. मला म्हणाले, "बेन, आता तो येऊ दे नाय तर जाऊ दे, मला दिसतच नथी." दिसत नव्हता हे खरं. पण चौकट पुठ्ठ्यामागे येत होतीच आणि त्यांची बिलं गिळत होती. शेठना वाटायचं माउस खराब झाला. त्यांच्या गल्ल्याखालचा खण त्यांनी बाद केलेल्या चांगल्या, धडधाकट माउसनी भरलेला होता. मी त्यातला एक उचलून जोडला आणि तो चालला, तेव्हा ते माझ्याकडे करणी उतरवणाऱ्या बाईकडे बघावं तसे बघत होते.

अशा गोष्टींवर माझी वर्षं गेली. हसण्यासारख्याच होत्या बहुतेक. एक तशी नव्हती.

बंदराचं नाव सांगत नाही. बोर्लीहून समुद्राकडे उतरलं की खाडीच्या तोंडाशी आहे, एवढं पुरे. तिथे मच्छीमारांची एक सोसायटी आहे. सोसायटीच्या बैठ्या इमारतीत एक खोली, खोलीत एक कॉम्प्युटर, आणि कॉम्प्युटरसमोर नफीसा. नफीसा गावातलीच, पस्तिशीची. नवरा कुवेतला, मुलगी शाळेत. होड्यांना डिझेलची टोकनं देणं, कोण समुद्रात गेलं, कोण परत आलं याची नोंद करणं हे तिचं रोजचं काम. आणि त्याच पडद्यावर आमच्या कंपनीचा एक कार्यक्रम, म्हणजे सॉफ्टवेअर, चालायचा, संकटाच्या इशाऱ्यांचा.

त्याचं काम असं. प्रत्येक होडीवर जेवणाच्या डब्याएवढी एक पिवळी पेटी असते. तिच्यावर लाल बटण. होडी अडचणीत आली की ते बटण दाबायचं. मग सोसायटीच्या पडद्यावर चौकट येते की अमुक होडी संकटात आहे. इथल्या माणसाने चौकटीवरचं 'दखल घेतली' हे बटण दाबलं की तिकडे समुद्रात पेटीवर हिरवा दिवा लागतो. हिरवा दिवा म्हणजे तुमची हाक किनाऱ्यावर पोचली, माणसं निघाली, धीर धरा.

आश्विनातली दुपार होती. 'दर्याराणी' नावाची होडी बाहेर होती. तिच्यावर तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, जनार्दन, त्याचा धाकटा भाऊ हिराजी आणि एक खलाशी. वारा नव्हता, लाट नव्हती, किनारा नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. इंजिनाखालची फळी सुटली आणि पाणी आत यायला लागलं. इंजिन बंद पडलं. हिराजीने पेटीचं बटण दाबलं, आणि लगेच, त्याने बोट काढलं नाही तोच, हिरवा दिवा लागला.

जनार्दनने मला हे सगळं नंतर सांगितलं, जेट्टीवर बसून, पाण्याकडे न बघता. म्हणाला, "हिराजी हसला. म्हनला, नफीसाबाय जाग्यावर हाय."

थोड्या वेळाने एक मोठा ट्रॉलर जवळून गेला. वरच्या माणसांनी हात हलवून विचारलं, काय झालं. त्यांचं जाळं पाण्यात होतं. त्यांचा खोळंबा कशाला करायचा? आपली माणसं निघालीच आहेत. हिराजीने हात उंच केला आणि 'जा, ठीक आहे' अशी खूण केली. ट्रॉलर गेला.

किनाऱ्यावरून कोणीही निघालं नव्हतं. कोणाला माहीतच नव्हतं. तिघंही बादलीने पाणी उपसत, हिरव्या दिव्याकडे बघत बसून राहिले. तिन्हीसांजेला होडी कलंडली. जनार्दन आणि खलाशी रिकाम्या पिंपांना धरून राहिले आणि परतणाऱ्या एका होडीला सापडले. हिराजी सापडला नाही. शोधायला गेलेल्यांना त्याचं काहीच मिळालं नाही.

जनार्दनने पेटी कमरेला दोरीने बांधली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तसाच, अंगावर मीठ वाळलेलं, सोसायटीत आला आणि त्याने ती नफीसाच्या टेबलावर ठेवली. दिवा अजून हिरवा होता.

"कोणी दाबलं?" त्याने विचारलं.

"काय दाबलं?" नफीसा म्हणाली. तिला खरंच माहीत नव्हतं.

गावात दोन तट पडले. एक म्हणे, ती खोटं बोलते, चौकट बघितली, दाबली आणि विसरली. दुसऱ्यांचं म्हणणं आणखी वाईट होतं. ते म्हणत की नफीसा खरं बोलते, त्या खोलीत ती एकटी नसते. टोकन घ्यायला येणारे खिडकीतूनच हात आत घालायला लागले. मासे विकायला जाणाऱ्या बायका सोसायटीसमोरून जायच्या, त्या आता मागच्या वाटेने जाऊ लागल्या. सोसायटीने नफीसाला कामावरून काढायचं जवळजवळ ठरवलं होतं, फक्त आमच्या कंपनीचा निर्वाळा हवा होता.

आमच्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "खोलीत ती एकटी होती. बटण दाबलं गेलंय. म्हणजे तिने दाबलंय. तू जाऊन ये आणि तेवढं लिही."

मी गेले. खोली साधी होती. एक खिडकी खाडीकडे, एक रस्त्याकडे. शेजारी बर्फाचा कारखाना, त्याची घरघर भिंतीतून सतत अंगात येत राहायची. बाहेर बोंबील वाळत टाकलेले. टेबलाशी दोन खुर्च्या होत्या. मी माझ्या सवयीने मागची रिकामी खुर्ची ओढली, तशी नफीसा पटकन उठली.

"मॅडम, तिथं नका बसू. मी दुसरी आणते."

"का? ही कोणाची आहे?"

"कोणाचीच न्हाय. पन कोणी न्हाय असं पन न्हाय."

मी ती खुर्ची सोडली, दुसरी घेतली. मग हळूहळू ती बोलायला लागली. हिराजीचं व्हायच्या कितीतरी आधीपासून तिला हे जाणवत होतं. ती एखादं काम करायला जायची आणि ते आधीच झालेलं असायचं. तिने न उघडलेला निरोप 'वाचला' म्हणून दिसायचा. हवामानाचा इशारा यायच्या आत गेलेला असायचा. कधी तिने जतन करायला सांगितलेलं टोकन जतन झालेलंच नसायचं, जणू कोणी तिचा हात अडवला. "वाटायचं, मी दाबायच्या आधी कोणतरी दाबून जातंय. म्हनून ती खुर्ची ठेवली. म्हटलं, बसायचं तर बसू दे, माझ्या हातात हात घालू नको." ती रोज सकाळी ऊद जाळायची आणि कुराणातली आयत म्हणून मग कॉम्प्युटर चालू करायची.

मी तिच्यामागे बसून बघत राहिले. मी या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. तरी त्या खोलीत दुपारी, बर्फाच्या कारखान्याची घरघर मधेच थांबायची तेव्हा, त्या रिकाम्या खुर्चीकडे माझी नजर जायची. नफीसा टोकन लिहीत होती, माउस हलवत होती, सगळं सरळ चाललं होतं. आणि तरी संध्याकाळी आम्ही मोजायला बसलो, तर आलेल्या निरोपांपैकी काही 'वाचले' होते, जे तिने वाचले नव्हते आणि मीही वाचले नव्हते. मी दिवसभर पडद्याकडेच बघत होते.

तेव्हा मी जनार्दनला भेटले. त्याला म्हटलं, दुसऱ्या एका होडीची पेटी घे. उद्या दिवसभरात तुला वाटेल तेव्हा, कुठेही बसून, बटण दाब. आम्हाला सांगू नकोस. सोसायटीच्या अध्यक्षांनाही आधी कल्पना दिली, म्हणजे उगाच धावपळ होऊ नये. नफीसाला सांगितलं की उद्या कधीतरी संकटाची चौकट येणार आहे, खोटी, पण यायची आहे. ती आली की मला सांग. माझा मोबाइल मी कपाटावर असा उभा केला की पडदा, तिचे हात आणि आम्हा दोघींचे चेहरे त्यात दिसावेत.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आम्ही वाट बघत होतो. वाट बघत होतो हे लक्षात घ्या. दोन बायका, डोळे उघडे, येणार हे माहीत असलेली गोष्ट. टोकन घेणाऱ्यांची गर्दी झाली, गेली. नफीसाने डब्यातली भाकरी आणि सुकटीची चटणी माझ्यापुढे केली. काहीच आलं नाही. मला वाटलं जनार्दन विसरला.

दुपारी दार ढकलून जनार्दन आत आला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. हातातली पेटी त्याने पुढे केली. दिवा हिरवा होता.

"तशीच झाली," तो म्हणाला. "दाबल्याबरोबर. तशीच."

नफीसाने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. आमच्यापैकी कोणीही काही पाहिलं नव्हतं. मला अजून आठवतं, मी मान वळवून त्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, आणि ते दोघंही तिकडेच बघत होते.

मग मी कपाटावरून मोबाइल काढला. तिघंही टेबलाभोवती उभे राहिलो आणि मी चित्रीकरण मागे नेत नेत ती जागा शोधली, आणि हळू गतीने लावलं.

त्यात दिसत होतं ते असं. खिडकीतून एक हात टोकनाचा कागद आत देतो. नफीसा डाव्या हाताने तो घेते, नजर कागदावर. उजवा हात माउसवर. तिला आधीचं टोकन जतन करायचं आहे. 'जतन करा' हे बटण सोसायटीच्या कार्यक्रमात पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली आहे. बाण तिथे आधीच आहे, दिवसभर तिथेच असतो. बोट उचललं जातं. बोट खाली यायला निघतं. आणि तेवढ्यात, बोट आणि बटण यांच्या मधल्या जागेत, लाल चौकट वर सरकते. तिचं 'दखल घेतली' हे बटण बरोबर 'जतन करा'च्या डोक्यावर येऊन बसतं. बोट पडतं. चौकट नाहीशी होते. नफीसा मान वर करते, तेव्हा पडद्यावर काहीही नसतं.

आणि तिच्या मागे मी. माझे डोळे थेट पडद्यावर. चौकट येते, जाते, आणि माझ्या चेहऱ्यावर काहीसुद्धा हलत नाही. मी स्वतःला एवढं परकं कधी पाहिलं नव्हतं.

दोन वेगळ्या कंपन्यांनी दोन बटणं एकाच जागी ठेवली होती. एकमेकांना न विचारता. आवाज का आला नाही, तर हवामान, बर्फाचा भाव, परवान्याची मुदत, अँटीव्हायरसचं अपडेट, सगळ्यांचा आवाज एकच होता आणि दिवसभर वाजायचा, म्हणून सोसायटीत कोणीतरी कधीचाच बंद करून टाकला होता. एवढंच होतं. भूत म्हणावं असं काही नव्हतं.

जनार्दनने ते पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. शेवटी म्हणाला, "तुजे डोले कागदावर व्हते." आवाजात राग नव्हता. तो दाराशी गेला, थांबला, आणि बाहेर पडला. त्याने गावात काय सांगितलं मला ठाऊक नाही. पण दुसऱ्या दिवसापासून टोकन घेणारे पुन्हा दारातून आत यायला लागले.

नफीसा मात्र बसून राहिली होती. उजवा हात मांडीवर ठेवून, डाव्या हाताने त्याचं मनगट धरून, जसं कोणी दुसऱ्याचा हात धरावा. मला वाटलं होतं तिला हायसं वाटेल.

"मॅडम," ती म्हणाली, "दुसरं कोणी असतं तर बरं झालं असतं."

मी तिला समजावलं की हा तुझा गुन्हा नाही, कोणाच्याही हातून हेच झालं असतं, मी स्वतः बघत असून मला दिसलं नाही. तिने ऐकून घेतलं. "व्हय," म्हणाली. मग ती दुसरी खुर्ची उचलून तिने बाहेर व्हरांड्यात नेऊन ठेवली.

ऑफिसात परतल्यावर वेगळंच युद्ध. मी ते चित्रीकरण साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "मग असं करू, बटण दाबल्यावर विचारू, 'तुमची खात्री आहे का?'" मी म्हटलं, साहेब, चौकटीवर दुसरी चौकट म्हणजे चिखलाने चिखल धुणं. 'खात्री आहे का' हा प्रश्न आजवर कोणी वाचलेला नाही. माणूस त्याला झोपेतही हो म्हणतो.

आम्ही काय केलं ते सांगते, कारण मला त्याचा अभिमान आहे आणि तो मिरवायला दुसरी जागा नाही. साध्या चौकटींचं बटणच काढून टाकलं. त्या येतात, बाण जवळ गेला की धुक्यासारख्या विरळ होतात आणि बोट त्यांच्यातून आरपार जाऊन खालच्या बटणावरच पडतं. ज्याला चौकट वाचायची आहे त्याने वाचावी, ज्याला काम करायचं आहे त्याच्या हाताला ती लागणार नाही. आणि संकटाचा इशारा कोपऱ्यात येणंच बंद केलं. तो पडद्याच्या वरच्या बाजूला लाल पट्टा होऊन उतरतो, खालचं काम किंचितही न झाकता, आणि त्याचा आवाज दुसऱ्या कशाचाही नाही. तो माउसने दाबून जात नाही. तिथे एकच प्रश्न असतो, 'मदतीला कोण निघालं?' नाव लिहिल्याशिवाय समुद्रात हिरवा दिवा लागत नाही.

वाईट एवढंच वाटतं, हे त्या एका बंदरावर झालं. बाकीच्या ठिकाणांबद्दल साहेब म्हणाले, पुढच्या आवृत्तीत बघू. मी निवृत्त होईपर्यंत पुढची आवृत्ती आली नव्हती. आता ती आली असेल, अशी मी स्वतःची समजूत घालते.

नवा कार्यक्रम बसवायला मीच गेले. नफीसाला सोसायटीने ठेवलं होतं. ती पूर्वीसारखीच चटपटीत होती, फक्त प्रत्येक वेळी दाबण्याआधी बोट एक क्षण हवेत थांबवायची. ती सवय तिची गेली नाही. आम्ही दोन-चार पेट्या दाबून तपासल्या, सगळं नीट चाललं. काम उरकलं होतं, मी मांडव्याहून मुंबईची बोट पकडायचा विचार करत होते.

तेवढ्यात पट्टा उतरला. आवाज झाला. आम्ही दोघींनी एकदमच मान वर केली.

लाल पट्ट्यावर नाव होतं, 'दर्याराणी'.

दर्याराणी समुद्राच्या तळाशी होती. मला पहिल्यांदा वाटलं आपलंच काहीतरी चुकलं, जुना इशारा कुठेतरी अडकून राहिला आणि आता वर आला. मी नकाशा मोठा केला. ठिपका पाण्यात नव्हता. तो जमिनीवर होता, कोळीवाड्यात, घरांच्या मधोमध, आणि लुकलुकत होता. बर्फाचा कारखाना चालू होता, बाहेर कोणीतरी टोपली आपटत होतं, लख्ख ऊन होतं, आणि मी ते नाव पुन्हा पुन्हा वाचत होते.

नफीसा नकाशाकडे बघत होती. "ते हिराजीचं घर हाय," ती म्हणाली.

त्या सकाळी जनार्दनने पेटी परत नेली होती आणि मला वाटायचं ती हरवली. कंपनीने परत मागितली तेव्हा जनार्दनने तसं कळवलं होतं. ती त्याने हिराजीच्या बायकोला, सुगंधाला, दिली होती. तिनेच मागून घेतली होती, हे मला नंतर कळलं.

पट्टा विचारत होता, मदतीला कोण निघालं? मी म्हटलं, "खोटा इशारा आहे, मी माझ्याकडून बंद करते."

"नको," नफीसा म्हणाली. तिचं बोट नेहमीसारखं हवेत थांबलं. मग तिने सावकाश लिहिलं, 'नफीसा'. ओढणी डोक्यावर घेतली आणि मला म्हणाली, "तुम्ही इथं बसा. खोली रिकामी नको."

मी तिच्या खुर्चीत बसले. खिडकीतून ती जाताना दिसली, वाळत टाकलेल्या बोंबलांच्या रांगांमधून, कोळीवाड्याच्या दिशेने, भराभर नाही आणि हळूही नाही. हिराजी गेल्यापासून ती त्या गल्लीत गेली नव्हती. मी ठिपक्याकडे बघत राहिले. तो तसाच लुकलुकत होता.

ती बऱ्याच वेळाने परत आली. पाणी प्यायली, मग तिनेच सांगितलं.

सुगंधा उंबऱ्यातच बसली होती, पेटी मांडीवर घेऊन. दिवा हिरवा झालेला. नफीसाला येताना बघून ती उठली नाही. म्हणाली, "त्या दिशी पन असाच झालता ना हिरवा?"

"व्हय," नफीसा म्हणाली.

"आन् कोन आला न्हवता."

"न्हवता."

सुगंधा म्हणाली, "मी रोज म्हनायची, एकदा दाबून बगू. मंग वाटायचं, हिरवा झाला आन् कोनच आला न्हाय, तर मंग काय करू?" मग ती उंबऱ्यावरून थोडी बाजूला सरकली. नफीसा तिच्याशेजारी बसली. यापुढे दोघी काय बोलल्या ते तिने मला सांगितलं नाही. बोलल्या की नाही, तेही नाही.

दारात टोकनासाठी दोघं-तिघं येऊन उभे होते. मी खुर्ची रिकामी केली, नफीसा बसली. पट्टा अजून पडद्यावर होता, दर्याराणी, आणि त्याखाली तिचं नाव. संकट संपलं असं कळवून तो काढून टाकायचं काम माझं होतं. मी विचारलं, "बंद करू आता?"

"राहू दे थोडा वेळ," ती म्हणाली, आणि पुढच्या माणसाचा कागद हातात घेतला.

माझी मांडव्याची बोट चुकली. संध्याकाळी कार्यालय बंद होईपर्यंत तो लाल पट्टा वर तसाच होता आणि त्याच्या खाली ती टोकनं लिहीत होती.